फ्रिजवरच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्या

सामानाची यादी फोनवर ठेवून पाहिली. आमच्याकडे ती टिकली नाही. डबा रिकामा होतो सासूबाईंच्या हातात, तेव्हा त्यांची बोटं पिठाने भरलेली असतात आणि माझा फोन ऑफिसात असतो. म्हणून यादी फ्रिजच्या दारावर कागदावर आणली. घडी बसायला दोनेक महिने गेले.

सुरुवातीच्या एकाच लांब यादीने काम होईना. वाण्याकडे गेलेला माणूस खालच्या ओळीतलं दळण विसरूनच परत यायचा. मग वस्तू नव्हे, ठिकाणं धरून कागद वेगळे केले. जुनी बिलं आणि शाळेच्या सूचना कापून पाठकोऱ्या चिठ्ठ्या केल्या आणि चार चिमट्यांना लावल्या: वाणी, मंडई, औषधं आणि वाटेवरचं. शेवटच्यात गिरणी, इस्त्री, घड्याळाचा सेल, चपलेचा तुटलेला अंगठा. खरा फायदा या चिमट्याचाच झाला, कारण असल्या कामांसाठी मुद्दाम कोणी बाहेर पडत नाही. जो बाहेर निघेल त्याने चिठ्ठी काढून खिशात टाकायची.

जवळ दोरीने पेन्सिल बांधली आहे. बॉलपेन नको, उभ्या दारावर टोक वर करून लिहिलं की त्याची शाई थांबते. डाळ संपल्यावर नाही, एका वरणापुरती उरली की लिहायची, हे सासूबाईंनी ठरवलं.

तारखांची कामं मात्र कालनिर्णयवर. दुधाचे खाडे तिथे पूर्वीपासून मांडतोच. एकादशी छापलेली असते, तिच्या दोन घरं आधी ‘साबुदाणा, दाणे’. 14.2 किलोचा सिलिंडर आम्हाला सव्वा महिना पुरतो, म्हणून नवा लावला की महिन्यानंतरच्या घरात ‘गॅस नंबर लावणे’. डिसेंबरात जुनं कॅलेंडर शेजारी घेऊन विम्याचा हप्ता, टाकीची सफाई वगैरे नव्यावर उतरवते. त्यानंतरच जुनं कपाटाच्या खणात अंथरायला जातं.

‘साबण’ एवढंच लिहिलं की दुकानातून फोन येतो, कुठला? औषधात तसं चालत नाही. तिथे रिकाम्या पाकिटावरचा नाव आणि मिलिग्रॅम दिसणारा तुकडाच टाचतो. गिरणीच्या चिठ्ठीवर सासूबाई स्वतः लिहितात: ‘गहू 5 किलो, बारीक, गव्हावरच दळा.’ ती चिठ्ठी डब्यातच ठेवतात, खिशावर त्यांचा भरवसा नाही.