रविवारी माफी, सोमवारी मोकळे?

आम्हा ख्रिस्ती लोकांना माफी इतकी सोपी कशी, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, नाहीतर हा विषय मी एरवी जिन्यात उभ्या उभ्याच उरकते. प्रश्न तोच असतो, विचारणारे बदलतात. हॉस्पिटलात होते तेव्हा ड्यूटीवरच्या मुली विचारायच्या, आता रिटायर झाल्यावर बिल्डिंगमधल्या काकू विचारतात. "तुमच्यात बरंय बाई, रविवारी जाऊन माफी मागितली की पाटी कोरी, सोमवारपासून परत सुरू." काहीजणी हसत म्हणतात, काहींना खरंच जाणून घ्यायचं असतं आणि काहींच्या बोलण्यात थोडा हेवा पण असतो, म्हणजे आम्ही इथे एकादश्या धरून, नवस फेडून दमलो आणि तुम्हाला सगळं फुकटात.

पहिलं म्हणजे ती हिंदी सिनेमातली जाळी डोक्यातून काढा. लाकडी खोकं, आत फादर, बाहेर गुडघ्यावर व्हिलन, पापांची कबुली देतोय. ते कॅथलिकांत असतं, वसईकडे, गोव्यात, आणि तिथेही ते सिनेमात दाखवतात तितकं स्वस्त नाही, मनापासून पस्तावा हवा, परत करणार नाही असा निश्चय हवा, कुणाचं काही लुबाडलं असेल तर ते परत करायला लागतं, आणि ऐकलेलं फादरनी मरेपर्यंत कुणाला सांगायचं नसतं. मी प्रॉटेस्टंट, माहेर नगरकडचं, अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाचं, नर्सिंगचं ट्रेनिंग मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात, तेच ते १८९४ साली डॉक्टर वॉनलेसनी सुरू केलेलं. आमच्यात जाळी नाही. रविवारच्या उपासनेत सगळी मंडळी एकत्र, मोठ्याने कबुली देते आणि मग पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, क्षमेचं वचन वाचतात. दोन-तीन मिनिटांचं काम आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटणारच की एवढंच?

तुमची शंका नवीन नाही पण. येशूचा प्रेषित पौल, त्याने रोमच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, पत्र लिहिलं तेव्हा येशूला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली होती फक्त, आणि त्या पत्राचा सहावा अध्याय ह्याच प्रश्नाने सुरू होतो, की कृपा, म्हणजे लायकी नसताना मिळणारी देवाची माया, वाढावी म्हणून आपण पाप करतच राहायचं का? पौल उत्तर देतो मुळीच नाही, आणि मग समजावत बसतो. म्हणजे तेव्हाही लोकांना हे मोकळं रानच वाटत होतं.

आमच्यात क्रम उलटा आहे, एवढंच सांगता येईल. आधी सुधारा मग देव जवळ करेल असं नाही, आधी जवळ करतो आणि मग तुम्ही सुधारायला लागता, हळूहळू, रडतखडत, कधी कधी फार उशिरा. वाचायला हे गोड वाटतं. पण तुम्ही जे म्हणता ना "सोपंय", तिथेच माझं तुमच्याशी भांडण आहे. कृपा मला मिळते तोवर सगळं छान असतं. ती शेजारणीला मिळाली, तेही तिने काही न करता, की आपल्या पोटात कळ येते, आणि मला विचाराल तर ख्रिस्ती माणसाची अर्धी अधिक श्रद्धा ह्या कळीशी झगडण्यातच जाते.

बायबलात मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा दाखला आहे, दाखला म्हणजे येशूने सांगितलेली बोधाची गोष्ट. मालक पहाटे मजूर आणायला जातो, दिवसाचा एक दिनार ठरतो, तेव्हाची रोजची मजुरी तेवढीच. मग तो परत नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो आणि शेवटी संध्याकाळी पाचला, दिवस मावळायला तास राहिलेला, तरी तिथे माणसं उभीच. का उभे आहात तर म्हणतात कुणी कामावर लावलंच नाही. पुण्यातल्या कुठल्याही मजूर अड्ड्यावर दहा-अकरा वाजता जाऊन बघा, उरलेली माणसं कोण असतात ते, म्हातारी, किरकोळ अंगाची, नाहीतर नुकती गावाकडनं आलेली. तर संध्याकाळी पाचवाल्यांनाही अख्खा दिनार मिळतो, आणि पहाटेचे चिडतात.

लहानपणी संडेस्कूलमध्ये मी हा दाखला पाठ केला होता, पण एक गोष्ट पुष्कळ नंतर लक्षात आली. मालक पैसे वाटायला सुरुवात शेवटी आलेल्यांपासून करतो. पहाटेच्यांना आधी देऊन घरी धाडलं असतं तर तंटाच झाला नसता, त्यांना कळलंही नसतं कुणाला किती मिळाले. त्यांना मुद्दाम बघत उभं केलंय. त्यांची मजुरी कापलेली नाही, ठरल्याप्रमाणे दिलीय, फक्त दुसऱ्याच्या हातातला दिनार बघायला लागला, आणि तेवढ्याने त्यांचा दिवस नासला.

मी हे वॉर्डात बघितलंय. मेल मेडिसिनला होते बरीच वर्षं, तिथे लिव्हरचे पेशंट, दारूचे. पोटात पाणी झालेलं, टॅपिंग करून काढायचं, पंधरवडा ठेवायचं, घरी पाठवायचं, की दोन महिन्यांनी रक्ताची उलटी करत परत दारात. ड्यूटी बदलताना हँडओव्हरमध्ये कुणीतरी म्हणणारच, आला का परत हा, ह्याला कशाला बेड, बाहेर गरोदर बाई बाकड्यावर बसलीय, तिची काय चूक. आणि त्या बोलण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, बेड मोजकेच असतात आणि रात्रभर त्याची घाण काढणाऱ्या मावशीला दाखले ऐकवून उपयोग नसतो. पण ड्यूटी लागली की आयव्ही त्यालाही तशीच लावायची, त्याच हाताने, तितक्याच हळू. सुई टोचताना हा लायक आहे का असा विचार मनात आला ना, की हात आपोआप जड होतो, हे कुठलीही सिस्टर सांगेल तुम्हाला, हिंदू असो मुसलमान असो. मी सकाळी वॉर्डात जायच्या आधी प्रार्थना करायचे ती जास्त करून ह्याच हातासाठी. मोठी मोठी मागणी नसायची काही.

घरातलं सांगते. माझे धाकटे दीर सासऱ्यांच्या आजारपणात फिरकले नाहीत. फोन नाही, पैसे नाहीत, मुंबईत काय चाललं होतं त्यांनाच ठाऊक. सासऱ्यांचं सगळं अंथरुणावर, बेडसोअरचं ड्रेसिंग मी करायचे, ड्यूटीवर तेच आणि घरी तेच. सासरे गेले, आणि त्यानंतरच्या नाताळात दीर उगवले, हातात केकचा डबा. सासूबाईंनी एक शब्द विचारला नाही. मटण केलं होतं, नळीचा तुकडा हुडकून त्यांच्या ताटात वाढला आणि मला म्हणाल्या, "सूनबाई, भाकरी गरम आण गं त्याला." मी आणली. पण बायबलात लूकच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या मुलाची गोष्ट आहे, धाकटा सगळं उधळून परत येतो आणि बाप मेजवानी घालतो, त्यातला थोरला भाऊ मला त्या दिवशी जितका कळला तितका चर्चमधल्या कुठल्या संदेशातनं, म्हणजे प्रवचनातनं, कळला नव्हता, तो शेतावरनं येतो, आतून नाचगाण्याचा आवाज ऐकतो आणि घरात यायलाच तयार होत नाही. येशूने ती गोष्ट तिथेच सोडलीय. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतोय, तो आत गेला का नाही ते सांगितलेलंच नाही. मला ते आवडतं. आत जाणं तुमच्या-माझ्यावर आहे आणि ते दर वेळी जमतंच असं नाही.

आता एक उलट बाजू, आणि इथे आमच्या लोकांशीही माझं पटत नाही. नवऱ्याने मारलेली बाई कॅज्युअल्टीला येते, कपाळ फुटलेलं, आणि सोबत आलेली चर्चच्या मंडळीतली बाई तिला सांगत असते, माफ कर, प्रभूने नाही का केली. असल्या वेळी मी आधी एमएलसी, म्हणजे मारहाणीची पोलीस केस म्हणून हॉस्पिटलातली नोंद, करायला लावायचे. पोलिसांत नोंद होऊ दे, टाके पडू देत, आज रात्री ही कुठे झोपणार ते ठरू दे, मग माफीचं बोला, आणि तेसुद्धा ती बोलली तर. दुसऱ्याच्या जखमेवर आपण परस्पर माफी वाटायची ह्याला कृपा नाही म्हणत. बायबलातला जक्कय घ्या, तो जकातदारांचा मुख्य, येशू आपण होऊन त्याच्या घरी गेला, काही अट घातली नाही, पण जक्कय काय म्हणाला? अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. बोनहोफर नावाच्या जर्मन पाळकाने १९३७ साली ज्याला स्वस्त कृपा म्हटलं ती हीच, पस्ताव्याशिवाय वाटलेली माफी. त्या माणसाला हे बोलायचा हक्क होता, हिटलरच्या विरोधात उभा राहिला म्हणून १९४५ च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिली.

पण मग माफी मिळालेला माणूस लगेच बदलतो का? नाही बदलत हो. आणि हे आम्ही चर्चमध्ये पुरेसं सांगत नाही. "अमेझिंग ग्रेस" ची चाल तुम्ही पण ऐकली असेल, ते लिहिणारा जॉन न्यूटन. संदेशात त्याची गोष्ट अशी सांगतात की गुलामांच्या व्यापारात होता, १७४८ साली समुद्रात वादळ झालं, देवाचा धावा केला आणि माणूस पालटला. छान. पण पुढचं वगळतात. त्या वादळानंतर तो परत गुलामांच्या जहाजांवर गेला, कप्तान झाला, खाली माणसं साखळदंडात आणि वर हा बायबल वाचतोय, आणि १७५४ ला समुद्र सोडला तोसुद्धा तब्येतीमुळे. त्या धंद्याविरुद्ध उघडपणे लिहिलं १७८८ साली. म्हणजे वादळानंतर चाळीस वर्षांनी! ज्यांना त्याने विकलं त्यांच्या आयुष्याचं काय, ह्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि कुठलं गाणं म्हणून ते येणारही नाही. तरी ते गीत सुरू झालं की मी उभी राहते आणि म्हणते, कारण लिहिणारा धुतल्या तांदळासारखा असता तर त्यात माझ्यासाठी काय होतं.

आपल्याकडे पंडिता रमाबाई घ्या. विलायतेत १८८३ साली बाप्तिस्मा घेतला, एवढी शिकलेली बाई, संस्कृत पाठ, पाद्र्यांशी वाद घालणारी, आणि स्वतःच पुढे लिहून ठेवलंय की मला ख्रिस्ती धर्म तेव्हा मिळाला पण ख्रिस्त मिळायला आणखी बरीच वर्षं गेली. दुष्काळातल्या बायकापोरी केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या ते सगळं त्या नंतरचं. तेव्हा कुणी विचारलं की श्रद्धा एका दिवसात बसते का, तर मी रमाबाईंकडे बोट दाखवते आणि गप्प बसते.

उपासना म्हणजे आमच्यात काय, हेही विचारता तुम्ही. गाणी पुष्कळ. पेटी-तबला असतो, ना. वा. टिळकांची गीतं अभंगाच्या अंगाने जातात, माझ्या एका मैत्रिणीला नाताळच्या उपासनेला नेलं तर म्हणाली हे तर आमच्या भजनासारखंच आहे गं. महिन्यातनं एकदा प्रभुभोजन, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि एकाच पेल्यातला द्राक्षरस घ्यायचा, तेव्हा पुढे जाऊन गुडघे टेकायचे, शेजारी सर्जन असेल नाहीतर वॉर्डबॉय, भाकरीचा तुकडा तोच. आमच्या नगरकडे मिशनच्या काळात बरीचशी मंडळी महार-मांग समाजातनं आलेली आणि थोडी घरं ब्राह्मणांची, तेव्हा एका पेल्याला तोंड लावणं ही लहान गोष्ट नव्हती. आता लग्न जमवताना आजही "मूळचे कोण" असं हळूच विचारतात आमच्यात, ते वेगळं. पेल्यापाशी जे जमलं ते मांडवात अजून जमायचंय.

उपास आहेत का, तर आहेत, लेंटचे, म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, कुणी मटण सोडतं, कुणी चहा. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये बसून येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार ऐकायचे, एप्रिलच्या उन्हात, पंखे असून नसल्यासारखे. पण हे फेडीसाठी करत नाही. नवस पण नाही आमच्यात, फेडायचं काही उरलेलंच नाही असं आम्ही मानतो, त्यामुळे देतो ते आभार म्हणून देतो. ते बघायचं असेल तर आमच्या हंगामाच्या सणाला या. शेतातलं, परसातलं, नाहीतर मंडईतनं आणलेलं जे असेल ते लोक वेदीपुढे ठेवतात, कोंबडी पण असते, ती प्रार्थनेत ओरडते, आणि उपासना झाली की आवारात लिलाव होतो, बायका स्वतःच आणलेला भोपळा दहापट बोली लावून सोडवतात आणि परत पाळकबाईंच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवतात. माझ्या सासूबाई आणि धाकटे दीर दर वर्षी एकाच नारळावर बोली लावत बसतात, दोघंही हटत नाहीत. येताना पाचशेची नोट मात्र जवळ ठेवा, तिथे भेंडीसुद्धा स्वस्त जात नाही.