क्लार्क दिसला की कारकून लिहू नका

इंग्रजी मजकुरात ‘क्लार्क’ दिसला की अनुवादकाचा हात आपोआप ‘कारकून’ लिहितो. बऱ्याचदा ते खपूनही जातं. पण ‘क्लार्क इन होली ऑर्डर्स’चा ‘पवित्र आदेशांचा कारकून’ केलात तर फसलात. इंग्लंडच्या चर्चमधल्या दीक्षा घेतलेल्या पाद्र्याचं ते कायदेशीर नाव. आणि मूळ अर्थही तोच.

ग्रीक ‘क्लेरॉस’ म्हणजे चिठ्ठी टाकून वाट्याला आलेला हिस्सा. बायबलच्या जुन्या करारात लेवींना, म्हणजे देवाच्या सेवेला वाहिलेल्या कुळाला, जमिनीचा वाटा नाही, देव हाच त्यांचा वाटा. त्यावरून धर्मसेवक झाले लॅटिनमधले ‘क्लेरिकुस’. मध्ययुगात लिहिता-वाचता येणारे बहुतेक हेच. म्हणून साक्षर तो क्लार्क, आणि पुढे दप्तर सांभाळणारा तो क्लार्क.

इंग्लंडच्या कायद्याने तर हे समीकरण उलटंच लावलं. धर्मसेवकाला राजाच्या कोर्टाची फाशी लागू नसे. पण आरोपी धर्मसेवक आहे हे ठरवायचं कसं? वाचायला लावून! बहुधा बायबलमधल्या 51व्या स्तोत्राची सुरुवात पुढे ठेवत. मान वाचवणारी म्हणून ती ‘मानेची ओळ’. अर्थातच निरक्षरही ती घोकून येऊ लागले. मग हेन्री सातव्याच्या काळात सामान्यांना ही सवलत एकदाच मिळेल असं ठरलं, आणि खूण म्हणून अंगठ्यावर तापल्या लोखंडाचा डाग. नाटककार बेन जॉन्सनने 1598 मध्ये द्वंद्वात एका नटाला मारलं, तो असाच सुटला. सवलत रद्द झाली थेट 1827 मध्ये.

तेव्हा अनुवादात आधी शेजारचे शब्द बघा. ‘क्लार्क ऑफ वर्क्स’ म्हणजे मालकाच्या वतीने बांधकामाचा दर्जा तपासणारा. कवी चॉसर 1389 मध्ये राजाच्या बांधकामांवर याच हुद्द्यावर होता. ‘क्लार्क ऑफ द हाउस’ म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाचा सर्वोच्च प्रशासकीय अधिकारी, आपल्याकडच्या लोकसभेच्या महासचिवासारखा. मजकूर अमेरिकेतला असेल तर ‘सेल्स क्लर्क’ हा दुकानातला विक्रेता. तिथलाच ‘लॉ क्लर्क’ बहुधा कायद्याचा हुशार पदवीधर, न्यायाधीशाला निकालाचे मसुदे करून देणारा. त्याला कारकून केलंत तर वाचकाला वाटणार, फायली लावतोय. ‘विधी सहायक’ बरं.

क्लार्क की क्लर्क? पहिला उच्चार ब्रिटिश, दुसरा अमेरिकन. मराठीत दोन्ही चालतात.

आणि आपला ‘कारकून’ फारसीतला: कार म्हणजे काम, कुन म्हणजे करणारा. त्यात ना देव, ना अक्षर.