नऊ ते बाराच्या मधली जागा

चार दिवस एकाच प्रश्नाशी झुंजत होते, तो आज सुटला. झोपण्याआधी लिहून ठेवते.

अॅन्ड्रॉइडसाठी पाय चार्टचा स्वतःचा कंट्रोल, म्हणजे अॅपच्या पडद्यावरचा घटक, बनवतेय. इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या लायब्ररी होत्या, पण त्या प्रत्येकीत आम्हाला नको असलेलं बरंच काही होतं. शाळेत पाय चार्टलाच वृत्तालेख म्हणायचो. टक्केवारीला 3.6 ने गुणायचं आणि कोनमापक ठेवून रेघ मारायची. इथेही गणित तेच आहे. कॅनव्हासवर कंस काढणाऱ्या ड्रॉआर्क या आज्ञेला सुरुवातीचा कोन आणि पसारा, म्हणजे काप किती अंशांचा ते, दिलं की काप रंगतो. रंगवणं अर्ध्या दिवसात झालं.

अडलं ते स्पर्शाशी. वर्तुळाचा डावीकडचा वरचा चतुर्थांश बोटाला दादच देत नव्हता. घड्याळात नऊ ते बाराच्या मधली जागा, नेमकी तेवढीच. बाकी सगळीकडे काप बरोबर निवडला जायचा. शेवटी आज कागदावर वर्तुळ काढून कोन मांडत बसले, तेव्हा उलगडलं. अॅन्ड्रॉइडमध्ये शून्य अंश घड्याळातल्या तीनच्या जागी असतो आणि कोन काट्यांच्या दिशेने वाढतो. मला पहिला काप बारापासून हवा होता, म्हणून मी सुरुवात उणे 90 ला ठेवली होती. बोट केंद्रापासून कोणत्या कोनात आहे ते एटॅन2 हे गणिती फंक्शन देतं, आणि अंशांत बदलला की तो कोन उणे 180 ते 180 मध्ये असतो. त्यातून सुरुवातीचा कोन वजा केला की फक्त त्याच चतुर्थांशात उत्तर ऋण येतं, आणि ऋण कोनाचा काप माझ्या यादीत नव्हताच. उत्तर ऋण असेल तर 360 मिळवायचे, एवढंच करायचं होतं! एका ओळीत मेलेला कोपरा जिवंत झाला. त्यानंतर किती वेळ नुसती तिथेच टिचकी मारत राहिले.

टक्क्यांचं काल उरकलं होतं. तीन समान भाग पूर्णांकात दाखवले की 33 तीनदा, बेरीज 99. आकडे खाली उतरवून उरलेला एक टक्का सर्वांत मोठा अपूर्णांक असलेल्याला देते. तिघे समान असतील तर मात्र एकाला 34 मिळतात, आणि ते मला पटत नाही. तिथे दशांश दाखवणंच खरं.

बारीक कापांचं अजून खुपतंय. 2 टक्क्यांचा काप म्हणजे 7.2 अंश. 120 डीपी (अॅन्ड्रॉइडचं पडद्यावरच्या लांबीचं एकक) त्रिज्येवर त्याची कड जेमतेम 15 डीपी भरते, आणि बोटासाठी किमान 48 डीपी जागा ठेवावी असं मार्गदर्शक सूचना सांगतात. वर्तुळाला ताणून हे सुटणार नाही. म्हणून खालच्या रंगसूचीतली प्रत्येक ओळच दाबता येईल अशी करतेय.

संध्याकाळी टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी अॅन्ड्रॉइडची सोय, सुरू करून डोळे मिटून पाहिलं. संपूर्ण चार्टवर बोट फिरवलं, एक शब्द आला नाही. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी मी अजून काहीच बनवलेलं नाही. अॅनिमेशन उद्या करायचं ठरलं होतं, ते पुढे ढकललं. आधी प्रत्येक कापाला त्याचं नाव आणि आकडा बोलता आला पाहिजे.