एमएसचा डाग ताजा की जुना? उत्तर पाच मिनिटांच्या सबुरीत

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारात फ्लेअर या प्रकारच्या एमआरआय चित्रात पांढरे डाग दिसतात, पण एका स्कॅनवरून त्यांचं वय कळत नाही. ताज्या डागात रक्त आणि मेंदू यांमधला पडदा सैल झालेला असतो, तिथून शिरेतून दिलेलं गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट औषध झिरपतं आणि टी-१ या प्रकारच्या एमआरआय चित्रात डाग उजळतो. ही उजळी साधारण 2 ते 8 आठवडे टिकते.

मात्रा किलोला 0.1 मिलिमोल. 60 किलोच्या रुग्णाला 0.5 मोलर (दर मिलीत 0.5 मिलिमोल) औषध 12 मिली लागतं. 1 मोलर असेल तर निम्मंच, म्हणून बाटलीवरची तीव्रता वाचाच. सगळ्यात जास्त चुकतं ते पुढे: इंजेक्शन दिलं की लगेच टी-१ घेतात. औषध झिरपायला किमान 5 मिनिटं हवीत, 10 मिळाली तर उत्तम. तेवढ्या वेळात टी-२ हे दुसऱ्या प्रकारचं चित्र उरकून घ्यावं. एमआरआयचे काप 3 मिमीपेक्षा जाड नकोत, नाहीतर लहान डाग निसटतात.

आडव्या कापलेल्या रक्तवाहिनीचा ठिपकाही डागासारखा भासतो. शेजारचे काप आणि फ्लेअर पाहिल्याशिवाय नोंद करू नये. उजळीचं अपूर्ण कडं दिसलं आणि त्याची उघडी बाजू कॉर्टेक्सकडे (मेंदूच्या बाहेरच्या थराकडे) असली, तर एमएसची शक्यता बळावते.

स्टेरॉइडचे डोस सुरू झाले की काही दिवसांतच उजळी मावळते. त्यामुळे जमेल तिथे स्कॅन आधी. उपचार मात्र त्यासाठी अडवू नयेत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) आधी तपासावं.

नियमित पाठपुराव्यात मात्र दर वेळी गॅडोलिनियम लागत नाही. त्याच मशीनवर, त्याच कोनात घेतलेला जुना स्कॅन शेजारी ठेवला की नवा डाग सापडतो. जुनी सीडी जपून ठेवा.