कोलंबिया ते ब्यूफर्ट, एका आमदाराच्या वाटेने

सकाळी आठला कोलंबिया सोडलं. साउथ कॅरोलायनाचं विधानभवन आदल्या दिवशीच बघून झालं होतं. पश्चिमेच्या भिंतीवर ब्राँझच्या चांदण्या ठोकल्यात; १८६५ साली, अमेरिकेच्या यादवी युद्धात, उत्तरेच्या म्हणजे युनियनच्या सेनापती शर्मनच्या फौजेचे तोफगोळे बसले, त्या या खुणा. मला ओढ होती ती रॉबर्ट स्मॉल्स या जुन्या आमदाराच्या गावाची. ब्यूफर्ट. (मी 'बोफर्ट' म्हणत होते. कॉफी देणाऱ्या बाईंनी हसून सांगितलं, ते नॉर्थ कॅरोलायनातलं!)

ओकच्या फांद्यांवरून करड्या जटा लोंबत होत्या, खाडीकडून चिखलाचा वास येत होता. प्रिन्स स्ट्रीटवर खांबांच्या व्हरांड्याचं पांढरं घर. खासगी मालकीचं, त्यामुळे रस्त्यावरूनच बघायचं. रॉबर्ट स्मॉल्स १८३९ साली या घरामागच्या गुलामांच्या खोपटात जन्मला. पुढे त्यानेच हे घर विकत घेतलं आणि १९१५ साली इथेच डोळे मिटले.

मधली गोष्ट सगळेच सांगतात. १३ मे १८६२ची पहाट, चार्ल्सटन बंदर. गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर गेलेले. स्मॉल्सने कप्तानाची गवती हॅट डोक्यावर चढवली, तोफा लादलेली दक्षिणेच्या फौजेची 'प्लँटर' आगबोट हाकारली, वाटेत बायकापोरांना घेतलं. फोर्ट समटर या दक्षिणेच्याच किल्ल्यापाशी ठरलेली शिट्टी दिली. तोफांचा पल्ला ओलांडल्यावर दक्षिणेचा झेंडा उतरवून पांढरी चादर लावली आणि बोट थेट युनियनच्या आरमाराच्या हवाली केली! पुढे युद्धात तो युनियनच्याच बाजूने जहाजाचा पायलट होता.

मला मात्र नंतरचं, बिनशिट्टीचं काम जास्त भावतं. १८६८ मध्ये राज्याची घटना लिहिणाऱ्या परिषदेत त्याने मोफत आणि सक्तीच्या शाळांचा आग्रह धरला. मग आमदार, राज्याचा सिनेटर, पुढे वॉशिंग्टनला खासदार. १८७७ मध्ये लाचखोरीत दोषी ठरला, १८७९ मध्ये माफी मिळाली. खटल्यामागे राजकारण होतं, असं मानणाऱ्यांत मीही आहे.

१८९५ मध्ये कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावणारी राज्याची नवी घटना आली. कोलंबियात भरलेल्या परिषदेत कृष्णवर्णीय प्रतिनिधी सहाच. स्मॉल्सने सही केली नाही. सही नाही तर प्रवासभत्ता नाही, म्हटल्यावर त्याचं उत्तर होतं: मग घरी चालत जाईन.

टॅबरनॅकल बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात त्याची कबर आहे, जवळच अर्धपुतळा. तिथून गाडीकडे आले आणि सहज मैलांचा आकडा बघितला. कोलंबियापासून सव्वाशेच्या वर. १८९५ साली तो छप्पन्न वर्षांचा होता.