मिरकरवाड्यातलं आमचं दोरांचं दुकान

वडिलांनी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात दुकान टाकलं ते बोटी बांधायच्या काथ्याच्या दोरांचं. पुढे नायलॉन आला, ट्रॉलर आले, धंदा चालत राहिला. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते शेजारच्या गाळ्यात दुसरं दुकान आलं, त्याबद्दल.

त्या दुकानदाराने पॉलीप्रॉपिलीन या प्लास्टिकचा ताठ हिरवा दोर आमच्या निम्म्या भावात, तोही हंगामभर उधार द्यायला सुरुवात केली. वर बंदरभर सांगत सुटला, "त्यांचा नायलॉन ताणतो, माल नरम आहे." अहो, ताणतो म्हणूनच घ्यायचा! लाटेने बोट खेचली की नायलॉन लांबतो आणि सावकाश पूर्ववत होतो. ताठ दोर तोच झटका थेट जेटीच्या खुंटाला देतो आणि बोट हिसके खात डोलते. पण गिऱ्हाईक भाव बघतं. उधारी बुडाली, बँकेने दारात उभं केलं नाही, दुकान विकायचं बोलणंही झालं होतं.

राजिवड्याचे एक चाचा तेवढे हलले नाहीत. दोर नखाने खरवडून बघायचे आणि मी दोराच्या टोकाला डोळा, म्हणजे खुंटात अडकवायचा फास, गुंफेपर्यंत समोर बसून राहायचे. वडिलांचा शिसवी टोचा अजून त्याच कामाला आहे. पेड उकलायचे, टोकं मेणबत्तीवर वितळवायची, टोच्याने वाट करून एकाआड एक ओवायचे. नायलॉन निसरडा, पाच फेऱ्या तरी हव्यात. गाठीने दोराची ताकद निम्म्यावर येते, गुंफलेल्या डोळ्यात तेवढी जात नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ येऊन गेलं. उन्हाने पांढरट पडलेले ते हिरवे दोर खाडीत पटापट तुटले. चाचांची बोट जागेवर होती. शेजारी आता नायलॉनच विकतो, "ताणणारा, एक नंबर" म्हणून!

बोट हलते म्हणून दोर आवळू नका. नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, एक दोर मागच्या खुंटाला आणि मागून एक पुढच्या खुंटाला, असे लांब तिरके बांधा. आखूड दोर नायलॉनचा असला तरी हिसकाच देतो. उधाणाला इथे पाणी दोनेक मीटर चढतं-उतरतं, म्हणून बोटीतून सरळ जेटीला जाणाऱ्या आडव्या दोरांना ढील ठेवा. घासतात तिथे जुना पाईप चढवा. टायर बोटीच्या पोटाशी बांधा, टोकाला नकोत. आडव्या लाटेपुढे मात्र दोराचं काही चालत नाही. जागा असेल तर नाळ लाटेकडे करून बांधा.

बोटीची लांबी कळवलीत तर दोर कापून, गुंफून ठेवतो. डोळ्याचे पैसे वेगळे.