चार नंबर गप्प झाले तेव्हा

डायलिसिसच्या खुर्चीत माणूस चार तास बसतो. एका हातात दोन सुया. एकीतून रक्त मशीनकडे जातं, दुसरीतून परत येतं. तो हात हलवायचा नाही. विणकाम नाही, पत्ते नाहीत, पुस्तकाचं पान उलटायचं तर एकाच हाताने. आठवड्यातून तीनदा, वर्षानुवर्षं. टोरांटोतल्या एका हॉस्पिटलात मी अशा खुर्च्यांची एक रांग सांभाळते. सोम-बुध-शुक्र, संध्याकाळची पाळी.

पेशंटची नावं सांगणार नाही. नंबरच सांगते, आम्ही नर्सेस आपापसात तसंच बोलतो. चार नंबर म्हणजे शहात्तर वर्षांचे आजोबा, क्वीन स्ट्रीटवर ट्राम चालवून निवृत्त झालेले. पाच नंबरला कॅल्गरीच्या बाई, मुलीकडे राहायला म्हणून टोरांटोत आलेल्या. सहा नंबरला ब्रॅम्प्टनचे सरदारजी, आयुष्यभर ट्रक चालवला. त्यांना मी अंकलजी म्हणते, ते मला बेटा म्हणतात. हॉकी, म्हणजे इथली बर्फावरची आइस हॉकी, ते पंजाबी कॉमेंट्रीवर ऐकतात, इंग्रजीत मजा नाही म्हणतात. सात नंबरला तिशीतला एक मुलगा. हिशेबाचं काम करतो आणि हॉकीकडेही हिशेबानेच बघतो.

या चौघांना जोडणारी एकच गोष्ट म्हणजे मेपल लीफ्स, टोरांटोचा हॉकी संघ. १९६७ नंतर या संघाला स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, मिळालेला नाही.

२०२३ च्या एप्रिलमध्ये लीफ्सनी टँपा बेच्या संघाला सहा सामन्यांत हरवलं. प्लेऑफची, म्हणजे कपसाठीच्या बाद सामन्यांची, एक फेरी जिंकायला त्यांना २००४ नंतर एकोणीस वर्षं लागली. त्या दिवसांत मॅच कोणी घरी बसून पाहिली हे मला वजनकाट्यावरच कळायचं. ज्याने पाहिली त्याचं वजन तीन-साडेतीन किलो वाढलेलं, कारण चिप्स, चिकन विंग्ज, त्यावर पाणी. किडनी काम करत नसली की प्यालेलं पाणी अंगातच राहतं, ते सगळं चार तासांत मशीनने ओढून काढावं लागतं. मी रागवायचे. पण एकोणीस वर्षांनी जिंकलेल्या माणसाला किती रागवणार?

पुढच्या फेरीत फ्लोरिडाने त्यांना पाच सामन्यांत गुंडाळलं. पाचवा सामना १२ मेला, शुक्रवारी, आमच्याच पाळीत. सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत जागा गॉजने दाबून धरावी लागते. चार नंबरनी ती दाबली, रक्त थांबलं, पट्टी बांधून झाली, तरी ते उठेनात. बाहेरच्या टीव्हीसमोर जाऊन बसले. ओव्हरटाइममध्ये फ्लोरिडाच्या निक कझिन्सने गोल केला, २-३ ने लीफ्स संपले. आजोबांचा उजवा हात डाव्या हातावरच्या पट्टीवर तसाच दाबलेला होता. मी जाऊन हळूच सोडवला. एवढा दाबला तर फिस्टुला, म्हणजे सुया टोचायला ऑपरेशनने तयार केलेली हातातली रक्तवाहिनी, बंद पडायचा.

खरा वाद पेटला तो त्यानंतर. सोमवारी, १५ मेला, लीफ्सचा जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडू निवडून संघ बांधणारा जीएम, काईल डुबास पत्रकारांसमोर बसला. कंत्राट जूनअखेर संपणार होतं. तो म्हणाला की हे वर्ष घरच्यांना जड गेलं, त्यांच्याशी बोलल्याशिवाय ठरवणार नाही, आणि राहिलो तर इथेच, दुसरीकडे कुठे जायची ताकद आपल्यात नाही. शुक्रवारी, १९ मेला, अध्यक्ष ब्रेंडन शानाहानने त्याला काढून टाकलं आणि काय काय घडलं ते तारीखवार सगळ्यांसमोर सांगितलं. त्याला कंत्राट देऊ केलं होतं, पण सोमवारचं बोलणं ऐकून मन बदललं, असा त्याचा मथितार्थ.

त्या संध्याकाळी आमच्या रांगेत टीव्ही लावायची गरजच पडली नाही.

चार नंबर म्हणाले, बरं झालं. बत्तिसाव्या वर्षी पोराच्या हातात संघ दिला. त्याने सगळा पैसा चार जणांवर उधळला. सात नंबरने लगेच हिशेब काढला. संघाच्या एकूण पगाराची मर्यादा ८ कोटी २५ लाख डॉलर, त्यातले ४ कोटींच्या वर मॅथ्यूज, टावारेस, मार्नर आणि नायलंडर या चौघांचे, हे त्यालाही कबूल होतं. पण त्याचं म्हणणं असं की कोविडमुळे मर्यादा जागच्या जागी गोठली, तो दोष डुबासचा कसा? आणि एकोणीस वर्षांत जो फेरी जिंकून देतो त्यालाच हाकलायचं? अंकलजी म्हणाले, घरच्यांचं नाव काढलं म्हणून माणसाला काढत असतील तर आमच्या ट्रकवाल्यांपैकी एकही कामावर राहणार नाही.

मला अंकलजींचं पटलं. आजही पटतं. माझी मुलगी लहान होती तेव्हा संध्याकाळच्या पाळीमुळे आठवड्यातले तीन दिवस मी तिला झोपलेलीच बघायचे. घरच्यांना जड जातंय हे वाक्य मी कित्येकदा जिभेवर आणून गिळलेलं आहे. एक माणूस ते टीव्हीसमोर बोलला आणि चार दिवसांत त्याची नोकरी गेली. संघ चालवणाऱ्याचं मन डळमळीत नको, हा शानाहानचा मुद्दा मला कळतो, पण मन मोकळं करणं आणि डळमळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मी कोल्हापूरची. पाटाकडील आणि शिवाजी तरुण या आमच्या फुटबॉल संघांची मॅच शाहू स्टेडियमवर झाली की वडील रात्री अकराशिवाय घरी यायचे नाहीत. मॅच सहालाच संपलेली असायची. उरलेला वेळ कोपऱ्यावर उभं राहून, कुणाला खेळवायला हवं होतं आणि पुढच्या सीझनला बाहेरचा कोण आणायचा, यावर खल. आई जेवण गरम करून कंटाळायची. त्यामुळे या चौघांचा आवाज चढला तरी मला कधी वाद मिटवावासा वाटला नाही. यांच्या आठवड्यात यांनी ठरवावं असं उरलंय तरी काय? पाणी किती प्यायचं ते आम्ही ठरवतो, केळं खायचं की नाही ते आहारतज्ज्ञ ठरवते, सुट्टीला कुठे जायचं ते तिथे डायलिसिसची खुर्ची मिळते का यावर ठरतं. लीफ्सचा जीएम कोण असावा हे मात्र ते चौघं पूर्ण अधिकाराने सांगतात.

३१ मे, बुधवार. नवा जीएम म्हणून ब्रॅड ट्रेलिव्हिंगची नेमणूक झाल्याची बातमी संध्याकाळची पाळी लागेपर्यंत सगळ्यांना पाठ होती. चार नंबर आत आले तेच हसत. 'त्रेपन्न वर्षांचा आहे, नऊ वर्षं कॅल्गरीचा संघ चालवलाय. माणूस हवा तर असा.' त्यांना खुर्चीत बसवलं, वजन घेतलं, सुया टोचल्या, मशीनवर तीन लिटरचं लक्ष्य लावलं. रोज सुरुवातीला मी प्रत्येकाला ठरलेले चार प्रश्न विचारते. चक्कर आली का, पडलात का, दम लागतो का, बीपीची गोळी घेतली का. त्या दिवशी चौथ्या प्रश्नाच्या आधी सात नंबर पलीकडून काहीतरी म्हणाला, आजोबांनी त्याला उत्तर दिलं, मी हसले आणि पुढच्या खुर्चीकडे गेले.

त्या दिवशी खरी साक्ष होती पाच नंबरच्या बाईंची. एरवी त्या फार बोलत नाहीत, पण ट्रेलिव्हिंगची नऊ वर्षं त्यांनी कॅल्गरीत राहून पाहिली होती. सगळे त्यांच्याकडे वळले. त्या म्हणाल्या, '२०२२ चा उन्हाळा आधी समजून घ्या. कॅल्गरीच्या संघाने १११ गुण मिळवले होते, विभागात पहिला. आणि जुलैत आमचा खेळाडू गॉड्रो सरळ कोलंबसच्या संघात निघून गेला, बदल्यात काही नाही. पाठोपाठ दुसरा खेळाडू मॅथ्यू कचुकने सांगितलं, मी लांबचं कंत्राट करणार नाही. आता तुमच्या हातात किती दिवस? ट्रेलिव्हिंगने कचुकला फ्लोरिडाला देऊन ह्युबर्डो आणला, वीगर आणला, एक होतकरू पोरगा आणि पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे नवा खेळाडू निवडायचा हक्क, आणला. तेव्हा सगळं शहर टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवल्या.'

'आणि मग?' सात नंबर म्हणाला.

'मग ह्युबर्डोला आठ वर्षांचं कंत्राट दिलं, वर्षाला १ कोटी ५ लाख. आदल्या वर्षी गोल आणि गोलला केलेली मदत धरून त्याचे ११५ पॉइंट होते, आमच्याकडे ५५ झाले. आम्ही प्लेऑफलाही पोचलो नाही.'

'आणि कचुक फ्लोरिडात १०९ पॉइंट करून आम्हालाच घरी पाठवतो,' सात नंबर म्हणाला. 'ज्याने तो हातातून घालवला, त्यालाच आम्ही आणला!'

बाई शांतपणे म्हणाल्या, 'तो राहणारच नव्हता, बाळा. निघालेल्या माणसाच्या बदल्यात काय आणलं, ते बघ.'

हे मला फार मोलाचं वाटलं. जीएमचं निम्मं काम म्हणजे दुसऱ्यांच्या निर्णयांची भरपाई करणं, हे मी तोवर कधी तसं पाहिलं नव्हतं. सात नंबरला ते पटेना. त्याचा मुद्दा तारखेचा होता. १ जुलैला मॅथ्यूज आणि मार्नर यांच्या कंत्राटातलं एक कलम लागू होणार, त्यानंतर त्यांच्या संमतीशिवाय त्यांना कुठेही पाठवता येणार नाही. म्हणजे नव्या माणसाला पुरा एक महिना. आणि जाता जाता त्याने चार नंबरकडे मान वळवून नेहमीचा खडा टाकला, 'सदुसष्टची गोष्ट सांगून संघ चालत नाही, आजोबा.'

हा खडा पडला की आजोबांचं उत्तर ठरलेलं. 'मी वीस वर्षांचा होतो' इथून सुरुवात, मग माँट्रियलला सहा सामन्यांत हरवलं ते, मग त्या रात्रीच्या रस्त्यांचं वर्णन. मला ते तोंडपाठ आहे. मी तेव्हा सहा नंबरच्या मशीनपाशी पाठमोरी उभी होते, आणि उत्तर आलं नाही.

मी वळले. आजोबा छताकडे बघत होते. मग त्यांनी जांभई दिली, सावकाश, मोठी. लगेच दुसरी. कपाळावर बारीक घाम, ओठांचा रंग गेलेला. खुर्चीत जांभया देणारा माणूस आपल्याला कंटाळलेला वाटतो, पण डायलिसिसमध्ये ती बीपी कोसळत असल्याची पहिली खूण असू शकते. बीपीचा पट्टा दर अर्ध्या तासाने आपोआप फुगतो, पुढच्या वेळेला अजून बारा मिनिटं होती. मी बटण दाबलं. ७६ वर ४०.

पाणी ओढणं बंद केलं, खुर्ची मागे पाडून पाय वर घेतले, दोनशे मिली सलाईन सोडलं, सहकारी नर्सला हाक मारली. आजोबांच्या गालावर थोपटत नावाने हाका मारत राहिले. पलीकडचे तिघंही बोलायचे थांबले होते. ती दोन-तीन मिनिटं रांगेत फक्त मशीनचा अलार्म. १०२ वर ५८ आलं तेव्हा माझे गुडघे सैल पडले.

त्यांनी डोळे नीट उघडले, इकडेतिकडे पाहिलं, आणि सात नंबरला म्हणाले, 'पंच इमलाक.' आवाज अगदी बारीक.

'काय?'

'सदुसष्टला जीएम तोच, कोचही तोच. सगळे म्हणायचे संघ म्हाताऱ्यांचा आहे. गोलकीपर बाउअर बेचाळीस वर्षांचा होता. त्यांनीच जिंकून दिलं.' दम घेऊन म्हणाले, 'तू म्हणतोस म्हणून मी थांबणार नाही.'

सात नंबरने मोकळ्या हाताने डोळे पुसले आणि म्हणाला, 'नका थांबू.'

नंतर मी खुर्चीजवळ स्टूल ओढून बसले आणि राहिलेला चौथा प्रश्न विचारला. दुपारी भाऊ फोनवर ट्रेलिव्हिंगबद्दल बोलत होता, बोलता बोलता त्यांनी गोळी घेऊन टाकली होती. डायलिसिसच्या दिवशी ती सुया निघाल्यावर घ्यायची, हे त्यांना माहीत होतं. मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, मी डॉक्टरांना सांगितलं असतं आणि पाणी हळू ओढलं असतं. रिपोर्टमध्ये मी हे जसंच्या तसं लिहिलं: प्रश्न विचारायचा राहिला. आमच्या इन्चार्जबाईंनी वाचलं, मला बसवून सगळं विचारलं, आणि शेवटी एवढंच म्हणाल्या की गप्प झालेला पेशंट पाठमोरं असताना कळला, हेही लिही. मी ते लिहिलं नाही. तो रकाना चुकांचा होता.

तेव्हापासून या रांगेत कोणाचं बोलणं कसं चालतं ते मी कान देऊन ऐकते. बाई उशिरा बोलायला लागतात, अंकलजी मध्येच पंजाबीत जातात, सात नंबर आकडा सांगताना बोटं मोडतो. यात काही चुकलं की पट्टा फुगायची वाट बघत नाही.

शुक्रवारी, २ जूनला, आजोबा काठी टेकत आले. आदल्याच दिवशी डुबासला पिट्सबर्गने अध्यक्ष म्हणून घेतलं होतं. दुसरीकडे जायची ताकद नाही म्हणणारा माणूस पंधरा दिवसांत दुसरीकडे गेला, यावर सात नंबरचं काय म्हणणं आहे ते ऐकायची आजोबांना भलतीच घाई झालेली. अंकलजी आधीच त्याची बाजू घेऊन बसले होते. काढून टाकलेल्याने घरी बसायचं का, म्हणत होते.

मी आजोबांना काट्यावर उभं केलं. पावणेदोन किलो वाढ, पुष्कळ बरी. खुर्चीत बसवून चादर पायांवर टाकली. त्यांनी सात नंबरकडे बघून तोंड उघडलं.

'थांबा,' मी म्हटलं. 'गोळी?'

त्यांनी शर्टाच्या खिशातून पट्टी काढून माझ्यासमोर धरली. आजची गोळी जागेवर होती.

'आता बोला,' मी म्हटलं, आणि पहिली सुई हातात घेतली.